बिनबिलाच्या पाकिटातलं ‘चोर बीटी’

पेरणीच्या तोंडावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘चोर बीटी’, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या पण मंजुरी नसलेल्या कपाशीचं (पऱ्हाटीचं) बियाणं विकायला एजंट गावोगाव फिरतात. मागच्या खरिपात एक जण घरी आला. “भाऊ, निंदाले बाया भेटत नाही ना? हे लावा, वरून तननाशक मारा, पऱ्हाटीले काही होत नाही. अन् बोंडअळी तं येतच नाही!” पाकीट चकचकीत, पण त्यावर लॉट नंबर नाही, टॅग नाही. बिल मागितलं तर म्हणाला, कंपनी नंतर पाठवते.

तणनाशक फवारलं आणि आठवड्यात शेत डागाळलं. एकाच ओळीत एक झाड हिरवंगार, त्याच्या शेजारचं शेंड्यापासून पिवळं पडून वाळलेलं. कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कारण सांगितलं. संकरित कपाशीची सरकीच रंग लावून बियाणं म्हणून विकली, की पुढच्या पिढीत जनुकं विखुरतात. चारातल्या एखाद्या झाडात तणनाशक सोसणारं जनुक उतरतच नाही.

उरलेल्या पऱ्हाटीवर पुढे डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसू लागल्या. बाहेरून धड दिसणारं बोंड फोडलं तर आत दोन सरक्या जाळीनं चिकटलेल्या, मधे गुलाबी अळी. वेचणीला निघाला तो किडका, डागी कापूस, म्हणजे कवडी.

“अळी येतच नाही” हे तर धडधडीत खोटं. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांची बीजी-2 आली. गुजरातेत पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचं 2010 मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनंच जाहीर केलं, आणि 2017 मध्ये आपल्याकडे बीजी-2 ची शेतंच्या शेतं पोखरली गेली. जनुक घालताना हे कुणाला नको होतं, पण झालं. अळीची प्रतिकारशक्ती उशिरा वाढावी म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची. ती बहुतेकांनी बांधावर फेकली, कारण ती का लावायची हे विकणाऱ्यानं कधी नीट सांगितलंच नाही. त्यात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी शेतात उभी ठेवली, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळतं. चोर बीटीत या अळीसाठी नवीन काहीच नाही, आणि जनुक बदललेल्या पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीनं (जीईएसी) अशा कपाशीच्या लागवडीला मंजुरीही दिलेली नाही.

तालुक्याच्या तक्रार समितीकडे गेलो. बिल, टॅग, लॉट नंबर यांपैकी काही नाही, मग पंचनामा कुणाच्या नावानं करायचा? एजंटचा फोन बंद. लागवड, खत, फवारणी, सगळा पैसा मातीत गेला. याचा फार संताप येतो, कारण निंदणाच्या मजुरीनं आधीच वाकलेल्या माणसालाच हे लोक हेरतात.

भावांनो, यंदा पक्कं बिल घेतल्याशिवाय पाकीट घरात आणू नका. बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. आणि असा कुणी दारात आला, तर तो गावात असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांना फोन लावा.