पेट्या गेल्या, किल्ली आली: नव्या रूपातल्या एका एकपडदा चित्रपटगृहाचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातले जुने एकपडदा चित्रपटगृह काही महिने बंद राहून नुकतेच पुन्हा उघडले. आतापर्यंत तेथे मी तीन चित्रपट पाहिले. मालकांनी लेझर प्रोजेक्टर, नवा पडदा आणि नवी ध्वनियंत्रणा बसवली आहे. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्याने चित्रपटगृहाचे नाव देत नाही.

सर्वांत आधी चित्राविषयी. पूर्वी येथे प्रोजेक्टरमध्ये झेनॉन वायूचा दिवा होता आणि तो हजार-दोन हजार तास चालून थकला तरी खर्च वाचावा म्हणून तसाच रेटला जात असे, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात नायक कोण आणि खलनायक कोण हे आवाजावरून ओळखावे लागे. लेझरचा प्रकाशस्रोत वीस हजार तासांच्या घरात टिकतो. आता कंदिलाच्या उजेडातल्या चेहऱ्यावरचा घामही स्वच्छ दिसतो. काळा रंग मात्र अजून पुरता काळा नाही. स्कोप पद्धतीच्या, म्हणजे जास्त रुंद चौकटीच्या चित्रपटात वर आणि खाली उरणाऱ्या पट्ट्या करड्या दिसतात. जुन्या काळी त्या जागी काळे पडदे सरकवून चौकट नेमकी केली जाई. ते पडदे नूतनीकरणात काढून टाकले, ही बचत मला पटलेली नाही.

खरा बदल प्रोजेक्शन रूममध्ये आहे. अडीच तासांचा चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर असला की त्याची लांबी साडेतेरा हजार फूट भरे आणि सात-आठ रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून येत. प्रिंट मोजक्याच असल्याने त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत आणि आमच्याकडे पोहोचेपर्यंत प्रत्येक रिळाच्या टोकाला ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे. आता चित्रपट डीसीपी नावाच्या डिजिटल संचाच्या रूपात हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत येतो आणि पहिल्या खेळाइतकाच शंभरावा खेळही स्वच्छ असतो. लहान मराठी चित्रपट पुण्याच्या बरोबरीने त्याच शुक्रवारी आमच्याकडे लागतो. माझ्या दृष्टीने या तंत्रज्ञानाचे याहून मोठे देणे दुसरे नाही.

मात्र तो संच कुलूपबंद असतो. त्याची डिजिटल किल्ली, म्हणजे केडीएम, चित्रपट चालवणाऱ्या त्या एका सर्व्हरपुरती (संगणकापुरती) आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. मी पाहिलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी सव्वातीनचा खेळ चार वाजेपर्यंत सुरू झाला नाही, कारण किल्ली पोहोचली नव्हती. दीडशे माणसे जाहिरातींच्या त्याच चार पाट्या पाहत बसली होती. मी वर गेलो, तर तीस वर्षे येथेच नोकरी केलेले ऑपरेटर काका फोन कानाला लावून उभे होते. “फिल्म तुटली तर दोन मिनिटांत जोडत होतो हो,” ते म्हणाले, “आता किल्ली नाही आली तर मी काय जोडणार?” कोपऱ्यात त्यांचे फिल्म जोडायचे जुने यंत्र पुसून ठेवलेले दिसले. व्यवस्थापनाने एवढ्या वेळात प्रेक्षकांना एक शब्दही सांगितला नाही. दोष किल्लीचा असेल, पण न बोलण्याचा दोष तंत्रज्ञानावर ढकलता येत नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट आहे. पेट्या आल्या की चित्रपट निदान आठवडाभर हलत नसे. आता सर्व्हरवरचा खेळ बदलणे काही मिनिटांचे काम झाल्यामुळे शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट रविवारी संध्याकाळी निमूट उतरवला जातो आणि त्या जागी गर्दीचा हिंदी चित्रपट येतो. ज्या सोयीने तो येथवर आणला, तीच त्याला हुसकावते. म्हणून असा चित्रपट पाहायचा असेल तर शनिवारच्या पुढे थांबू नये.

आवाज उत्तम आहे, फक्त मध्यंतराच्या जाहिराती कान किटवतात. तिकीट बाल्कनीसाठी १५० आणि खाली १०० रुपये आहे, ते वाजवी वाटते. बाल्कनीत पहिली रांग टाळावी, कारण पडदा मोठा करताना तो खाली आणला गेला आहे आणि समोरचा कठडा त्याची खालची कड, म्हणजे नेमकी उपशीर्षकांची ओळ, झाकतो. तिसऱ्या रांगेतून सगळे दिसते.