फरशीवर मांडलेले खेळ: अझुल, स्प्लेंडर, कोडनेम्स आणि त्यांच्यासोबतचं सामान

आमच्या घरी टेबलावरचे खेळ टेबलावर खेळत नाहीत. टेबल आहे, पण त्यावर इस्त्रीला जायचे कपडे असतात. डाव मांडायचा तो खाली शहाबादी फरशीवर, पंख्याच्या बरोब्बर खाली, कारण मे महिन्यात सोलापुरात दुसरीकडे कुठे बसवतच नाही. या खेळांसोबत विकलं जाणारं सामान मात्र एसीतलं टेबल-खुर्ची गृहीत धरून केलेलं असतं. त्यामुळे बॉक्सवर जे चांगलं दिसतं ते इथे टिकतं का, एवढंच मी बघत होते.

इथल्या नवी पेठेत लुडो, कॅरम, व्यापार हवे तेवढे मिळतात. अझुल, स्प्लेंडर, कोडनेम्स मात्र मला तिथे दिसले नाहीत. नणंद पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने येताना पिशवीभर घेऊन आली. खेळायला सासरे म्हणजे अण्णा, सासूबाई, नणंद, माझा आठवीतला मुलगा आणि शेजारच्या अक्का. अण्णांची सगळी नोकरी चादरींची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढण्यात गेली. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी अझुल. मायकेल कीसलिंग यांचा हा खेळ 2017 साली आला आणि 2018 मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पाच रंगांच्या प्रत्येकी 20, एकूण 100 लाद्या पिशवीत. गोल चकत्यांवर चार-चार लाद्या मांडायच्या. एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या लाद्या उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या. उचललेल्या लाद्यांनी आपल्या पाटीवरची ओळ भरली की त्यातली एक भिंतीवर चढते. जास्तीच्या झाल्या तर दंड. वाचायला काही नाही, इंग्रजीची गरज नाही. लाद्या गुळगुळीत, वजनदार, हातात खेळवत बसाव्यात अशा.

अण्णांनी पाटी हातात घेतली, चष्मा वर केला आणि भिंतीच्या चौकटीवरून बोट तिरकं फिरवलं. “अगं, ही तर ट्विल आहे, तिरक्या रेषांची वीण. दर ओळीला रंग एक घर सरकवलाय नुसता.” खरंच तसं आहे. पाच बाय पाचची भिंत, आणि प्रत्येक रंग खालच्या ओळीत एक घर उजवीकडे. त्यानंतर अण्णांना नियम समजावायची गरजच पडली नाही. आडवी ओळ पूर्ण केली तर शेवटी 2 गुण, उभा रकाना पूर्ण केला तर 7, एका रंगाच्या पाचही लाद्या बसल्या तर 10. पण कुणाचीही आडवी ओळ पूर्ण झाली की ती फेरी संपताच खेळ संपतो. मुलगा घाईघाईने ओळ पुरी करून दोन गुणांवर उड्या मारायचा आणि अण्णा शांतपणे दोन रकान्यांचे चौदा घ्यायचे. अक्का त्याहून बेरकी. मधल्या ढिगात नको त्या रंगाच्या लाद्या साठू द्यायच्या, तेलुगूत “ओकटी, रेंडू, मूडू” करत मोजायच्या आणि शेवटच्याच्या गळ्यात घालायच्या. खेळ दिसायला गोजिरवाणा, पण चांगलाच खुनशी आहे. एकच तक्रार: गुण दाखवणारा छोटा ठोकळा गुळगुळीत पुठ्ठ्यावर नुसता ठेवलेला असतो. कुणाचा पदर लागला की गुण गेले. त्यावर बसवायचं खाचांचं प्लास्टिक वेगळं विकत मिळतं म्हणे. आम्ही वही-पेन्सिल घेतली.

स्प्लेंडर (मार्क आंद्रे, 2014) मला तितका नाही आवडला. रत्नांच्या चकत्या घ्यायच्या, त्यांनी पत्ते विकत घ्यायचे, घेतलेले पत्ते पुढची खरेदी स्वस्त करतात, कुणाचे 15 गुण झाले की शेवटची फेरी. चकत्या मस्त जड आहेत, फरशीवर ठेवताना टक्क वाजतात. दोघांत रंगतो. चौघांत आपली पाळी येईपर्यंत डोळा ठेवलेला पत्ता गेलेला असतो. सासूबाईंचा राग वेगळाच. हातात दहापेक्षा जास्त चकत्या ठेवता येत नाहीत, वरच्या परत द्याव्या लागतात. “साठवलेलं परत काय म्हणून द्यायचं?” नियम दाखवला तरी त्यांना तो अन्यायच वाटतो.

खरी धमाल कोडनेम्सने केली, तीसुद्धा मूळ पत्ते बाजूला ठेवून. व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा 2015 चा खेळ. 25 शब्द मांडायचे, दोन गट करायचे. कुठले शब्द कुणाचे हे उत्तराच्या चौकटीवर फक्त दोन्ही गटप्रमुखांना दिसतं. त्यांनी एक शब्द आणि एक आकडा एवढीच खूण द्यायची. एका गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत आणि एक मारेकरी. त्याला हात लावला की खेळ खल्लास. अडचण अशी की पत्त्यांवरचे शब्द इंग्रजी. पण उत्तराच्या चौकटीत नुसते रंग असतात, म्हणून शब्द आपले घातले तरी चालतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून आम्ही आमचे शब्द लिहिले: हुरडा, गड्डा, तलाव, एक्सप्रेस, चादर, भाकरी, किल्ला, जावई. नणंद म्हणाली, “सिद्धेश्वर, तीन.” सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा आणि देवळाभोवतीचा तलाव लगेच निघाले. तिसऱ्यावर अण्णा म्हणाले किल्ला, तलावाच्या शेजारीच आहे की. अक्का म्हणाल्या नाही, एक्सप्रेस. सिद्धेश्वर एक्सप्रेस, मुंबईची गाडी! पाच मिनिटं वाद. सासूबाईंनी मध्येच जावई उचलला, का ते अजून कळलेलं नाही, आणि मारेकरी तोच होता.

आता सामान. पत्त्यांना स्लीव्ह, म्हणजे एकेका पत्त्यावर चढवायचं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, घ्याच, इथे तर नक्कीच. स्प्लेंडरचे 90 पत्ते साधारण 63 बाय 88 मिलिमीटरचे आहेत, नेहमीच्या मापाच्या स्लीव्ह बसतात. पण चकचकीत घेऊ नका. ट्यूबलाइट चमकून पत्ता दिसत नाही आणि घामाच्या बोटांना त्या चिकटतात. मॅट फिनिशच्या नीट पिसता येतात. खेळताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी चालूच असते. चटणीचं तेल लागलं तर ओल्या फडक्याने पुसलं की झालं. वजनामुळे पत्ते पंख्याखाली उडतही नाहीत. उलट बाजू अशी की गठ्ठा फुगतो आणि उंच रचला की घसरतो. आम्ही आधी एक स्वस्तातलं पाकीट आणलं होतं, त्यातल्या निम्म्या स्लीव्ह कडेने उसवल्या.

निओप्रीनची, म्हणजे मऊ रबरी, मॅट महाग आहे, पण फरशीवर बसणाऱ्यांनी पैसे इथे घालावेत. शहाबादीवर पडलेला पत्ता नखानेही उचलता येत नाही, इतका सपाट बसतो. मॅटवर कड जरा दाबली की दुसरी कड वर येते. अण्णांनी आधी कडेची ओव्हरलॉक शिलाई तपासली, दोरा ओढून पाहिला आणि पास केली. चादर अंथरली तर काय होतं, हेही आम्ही करून पाहिलं. सोलापुरात राहून ते न करणं शक्यच नव्हतं. विणीतला नक्षीचा उठाव लाद्यांना तिरकं करतो आणि घडीच्या रेषेवर चकत्या लवंडतात. कोडनेम्सला मात्र चादर छान चालते. नव्या मॅटला रबराचा वास येतो; सावलीत पसरून ठेवा, गच्चीवर उन्हात नको.

चार कोपऱ्यांना टिचबटणं असलेला फाश्यांचा ट्रे बिनकामाचा. बटणं लावली की ट्रे, काढली की सपाट चामडं, कल्पना छान आहे. पण या तिन्ही खेळांत फासेच नाहीत. सध्या त्यात अण्णांच्या गोळ्या असतात.

पत्ते उभे ठेवायची लाकडी पट्टी सासूबाईंसाठी होती. त्यांची बोटं दुखतात, पानं पंख्यासारखी धरता येत नाहीत. विकतची पट्टी आखूड निघाली आणि स्लीव्ह घातलेला पत्ता खाचेत अडकायचा. मग गल्लीतल्या सुताराकडून सागवानाच्या तुकड्यात करवतीने तिरकी खाच मारून घेतली आणि आतून पॉलिश पेपर फिरवला. शंभर रुपयांत काम झालं. त्या आता या पट्टीवर रमी खेळतात. रमीला तेरा पानं लागतात, तेव्हा खाच फूटभर तरी लांब मारायला सांगा.