वॅगनआर की पंच? पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

पहिली गाडी सात-आठ लाखांत बसवायची म्हटलं की आपल्याकडे बहुतेक घरांत ही दोन नावं निघतात : मारुतीची वॅगनआर आणि टाटाची पंच. गेल्या वर्षी आमच्या घरी हाच विषय दोन महिने चालला होता.

मायलेजमध्ये वॅगनआर पुढे आहे. पेट्रोलवर कंपनीचा आकडा लिटरला २४.३५ किलोमीटर, पंचचा २० च्या आसपास. सीएनजीवर तर किलोला ३४.०५ विरुद्ध साधारण २७. रस्त्यावर दोन्ही गाड्यांचे आकडे उतरतात, पण फरक राहतोच. गल्लीबोळात वॅगनआर फार सहज वळते. उंच छत आणि उंच सीट असल्याने गुडघेदुखी असलेल्या माणसाला वाकावं लागत नाही. पंचची दारं जवळपास ९० अंशांत उघडतात, ही सोयही वडीलधाऱ्यांसोबत फिरणाऱ्यांनाच कळेल. मात्र पंचची मागची सीट दोघांना ऐसपैस, तिघांना दाटीची.

सुरक्षिततेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून सुरक्षेला तारे देते. तिच्या चाचणीत पंचला २०२१ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, वॅगनआरला २०२३ मध्ये एकच, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. दोन्ही चाचण्या दोन एअरबॅगच्या गाड्यांच्या होत्या. वॅगनआरला आता सहा एअरबॅग मिळतात हे खरं, पण त्या चाचणीत तिचा सांगाडाच अस्थिर ठरला होता. पंचचा स्थिर होता. एअरबॅग वाढवल्याने सांगाडा मजबूत होत नाही. दर आठवड्याला सातारा-पुणे हायवेने जाणार असाल, तर हा मुद्दा मायलेजच्या वर ठेवा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, पंचचा १८७ मिलिमीटर, वॅगनआरचा १६५. गावचा रस्ता कच्चा असेल तर हा फरक पावसाळ्यात लगेच जाणवतो.

आता सीएनजी घ्यायची का? महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून शोरूमची किंमत बाजूला ठेवून ऑन रोड (टॅक्स, विमा धरून) आकडेच समोरासमोर मांडा. समजा पेट्रोल आणि सीएनजीतला हा फरक ८० हजार आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो धरा आणि वॅगनआर प्रत्यक्षात लिटरला १७ आणि किलोला २६ किलोमीटर देते असं माना. किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ६५ पैसे वाचतात, म्हणजे ३० हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला अडीच वर्षं लागतील, चारशे चालवणाऱ्याला सहा वर्षांच्या वर. चारशेवाल्याने सीएनजी पंपावरच्या रांगेत उभं राहू नये. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) करावी लागते. घाटात चार माणसं आणि सामान असताना सीएनजीवर गाडी सुस्तावते, हेही लक्षात घ्या.

डिकीचं म्हणाल, तर सीएनजी वॅगनआरमध्ये एकच मोठी टाकी असल्याने मागे एखादी पिशवी कशीबशी मावते. सीएनजी पंचमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत, त्यामुळे २१० लिटर जागा उरते. दिवाळीला गावी जाताना ती पुरते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतल्या किमती धरून हिशोब मांडू नका. कोटेशन कागदावर घ्या. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, तेव्हा बाहेरचे दोन दर मागवा.

आम्ही पेट्रोल पंच घेतली, कारण आमचं फिरणं कमी आणि जे आहे ते बहुतेक हायवेवर. रोज शहरात चाळीस किलोमीटर जाणाऱ्या माझ्या मावसभावाला मात्र मी सीएनजीच सुचवली, आणि वॅगनआर की पंच हे ठरवण्याआधी मावशीला दोन्ही गाड्यांत मागे बसवून अर्धा तास फिरवून आणायला सांगितलं.