चिंगीच्या मानेतली चिप: सहा महिन्यांनंतर

चिपबद्दल फार सांगत बसत नाही, थेट अनुभव सांगते. १८ जानेवारीला आमच्या चिंगीला (कोथरूडच्या गल्लीतली गावठी कुत्री, पाच वर्षांपासून घरची) कातडीखाली ओळख क्रमांकाची चिप बसवली. पहिले दोन महिने तो खर्च पाण्यात गेला असंच वाटत होतं. बॅटरी नाही, मोबाईलवर ठिकाण दिसत नाही, स्कॅनर फिरवला तरच नंबर.

चिंगीला जर्मनीला न्यायचं तर रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी आहेत का याची रक्त तपासणी लागते. मार्चमध्ये त्यासाठी लसीचं पुस्तक उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली. जूनची तिकिटं काढून झालेली. पानावर रेबीज लसीचं स्टिकर ४ जानेवारीचं, त्याच्याखाली चिपचं बारकोडचं स्टिकर १८ जानेवारीचं. युरोपीय संघाच्या नियमात चिप आधी किंवा निदान त्याच दिवशी लागते. चिपच्या आधीची लस ते धरतच नाहीत.

दवाखान्यात म्हणाले, "चालतं हो ताई, तारीख मागची टाकून देतो." मी साफ नाही म्हटलं. कागद खोटा निघाला तर परक्या विमानतळावर अडकणार ती चिंगी. तासभर वाद झाला. पुन्हा दिलेल्या लसीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण गेलेले महिने कोण भरून देणार? विमान कंपनीने तिकिटं बदलायचे पैसे घेतले ते वेगळेच.

२० मार्चला लस. किमान ३० दिवस जायला हवेत म्हणून २२ एप्रिलला रक्त काढलं, ते तपासलं युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली असलं तरी पुरतं, आमचं बरंच वर आलं. तरी भारतातून जाताना रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावंच लागतं.

आता दवाखाना बदललाय. नवे डॉक्टर सुई हातात घेण्याआधी चिंगीच्या खांद्यांमध्ये स्कॅनर फिरवतात. 'टीं' वाजलं की पंधरा आकडे मोठ्याने वाचतात, मी पुस्तकातल्या स्टिकरवर बोट ठेवून जुळवते. चिंगी शेपूट हलवत उभी. या अर्ध्या मिनिटासाठी चिपला पैकीच्या पैकी गुण.

पिंजऱ्याची सवय लागली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या आठवड्यात निर्यातीच्या दाखल्यासाठी मुंबईच्या प्राणी विलगीकरण कार्यालयात जायचंय. बूस्टरची तारीख फ्रिजवर लावलीय. ती चुकली तर रक्त तपासणी पुन्हा पहिल्यापासून.