नौपाड्यातील मालवणी खानावळ आणि मांदेलीचा न्याय

ठाण्यात आलेल्या पाहुण्याला काय खायला घालायचे, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर मामलेदार मिसळ हे आहे आणि त्या उत्तराविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मिसळ संपवून उठणे वेगळे आणि सत्तरी ओलांडलेले सासूसासरे, आठ वर्षांची मुलगी व आम्ही दोघे अशा पाच जणांनी रविवारी दुपारी निवांत जेवणे वेगळे. या दुसऱ्या कामासाठी गेल्या दीड वर्षात आम्ही नौपाड्यातील एका लहानशा मालवणी खानावळीत चार वेळा गेलो. पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत, म्हणून तिचे नाव देत नाही. पण जे लिहिले आहे ते अशा कोणत्याही खानावळीत पाऊल ठेवताना उपयोगी पडावे.

खाली सहा टेबले आणि वर पोटमाळ्यावर चार, एवढाच पसारा आहे. ‘फॅमिली’ म्हणून बसवतात ते मात्र वर, आणि तिथे जाणारा लोखंडी जिना इतका उभा आहे की सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही पहिल्याच वेळी खालचे टेबल रिकामे होईपर्यंत थांबण्याचा निर्णय घेतला. थांबणाऱ्यांची नावे वहीत लिहिण्याची पद्धत नाही. दारात उभ्या असलेल्यांपैकी कोण आधी आले हे गल्ल्यावरच्या काकांच्या लक्षात असते, असा सगळ्यांचा समज आहे. तो दर वेळी खरा ठरत नाही. एका रविवारी आमच्या नंतर आलेले चौघे आमच्या आधी बसले आणि विचारल्यावर ‘त्यांनी फोन केला होता’ असे उत्तर मिळाले. फोनवर टेबल राखून ठेवतात, ही माहिती निदान त्या निमित्ताने कळली.

आता जेवणाकडे वळते. अशा खानावळीत शिरल्यावर बहुतेकांचे बोट सुरमई थाळीवर जाते, कारण काटा कमी, तुकडा मोठा आणि पानात तो शोभून दिसतो. आम्हीही पहिल्यांदा तेच केले. सुरमईची तुकडी वाईट नव्हती, परंतु रव्याचे आवरण कुरकुरीत आणि आतला मासा कोरडा, अशी तिची अवस्था होती. ती बर्फात बरेच दिवस राहिली असावी, असे सासूबाईंचे मत पडले. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या असल्यामुळे या विषयात आमच्या घरी त्यांच्यापुढे अपील नसते. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः बांगडा थाळी मागवली, वाटीतल्या कालवणाचा एक घास घेतला आणि इतकेच म्हणाल्या, “तिरफळ आसा हो ह्यात.” चमच्याने तळ ढवळल्यावर खरोखरच दोन तिरफळे, म्हणजे मालवणी स्वयंपाकात घालतात ती मसाल्याची सुकी फळे, वर आली. बांगड्याच्या उग्र वासाला तिरफळाइतका चांगला उतारा नाही. ते न घालता नुसत्या लाल तिखटावर वेळ मारून नेणारी खानावळ ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की खानावळीचा हात मोठ्या माशात दिसत नाही, लहान माशात दिसतो. सुरमई महाग असल्यामुळे ती जपून ठेवली जाते, रोज संपतेच असे नाही आणि गोठवलेला जाड तुकडा मसाल्याखाली बराच काही लपवू शकतो. मांदेली आणि बोंबील यांना ही सवलत नाही. मांदेली शिळी असली की तव्यावर पोट फुटून तिचा लगदा होतो, आणि बोंबलाच्या अंगात इतके पाणी असते की तो वजनाखाली दाबून नीट निथळला नाही, तर वरचे आवरण मऊ पडून सुटू लागते. शिवाय हे दोन्ही मासे आपल्या शेजारचे आहेत. उत्तन, वसईकडचे कोळी ते डोल जाळ्यात (पाण्यात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) पकडतात. नाव मालवणी आणि मांदेली उत्तन-वसईची, हा योग मला मनापासून आवडतो.

इथली मांदेली तव्यावर तळलेली, तांदळाच्या पिठात बारीक रवा मिसळून घोळवलेली असते. एका बशीत बारा-चौदा येतात. डोके काढलेले, शेपटी ठेवलेली, आणि ती शेपटी दातांखाली पापडासारखी मोडते. काट्यासकट खाता येत असल्यामुळे मुलीसाठी मासा निवडून देण्याचे काम वाचले आणि आयुष्यात प्रथमच माझा भात गरम असताना खाऊन झाला. बोंबील मात्र चारपैकी एकदाच मिळाले. ‘आज चांगले आले नाहीत’ असे वाढणाऱ्या मुलाने सांगितले, ते ऐकून निराशा झाली तरी विश्वास वाढला.

सोलकढी थाळीबरोबर एक वाटी येते. तिचा रंग भडक गुलाबी नसून फिकट आहे, आणि पाच मिनिटे ठेवल्यास नारळाच्या दुधाचा पांढरट थर वर येऊ लागतो. ताज्या दुधाची ही साधी खूण. लसूण थोडी जास्त आहे. कोलंबीच्या रश्शाबद्दल मात्र ताजेपणाचे असे बोलता येणार नाही. तिसऱ्या भेटीत तो पुन्हा पुन्हा गरम केलेला होता, वाटप फुटून कडेला तेल जमले होते आणि कोलंबी रबरासारखी चिवट झाली होती. सांगितल्यावर वाटी परत नेली, पण बदल्यात तिसऱ्या (शिंपल्या) आणतो म्हणून त्या बिलात लावल्या. तिसऱ्या चांगल्या होत्या, तरीही ही रीत मला पटली नाही.

सासऱ्यांना पथ्यामुळे शाकाहारी थाळी घ्यावी लागते. काळ्या वाटाण्याची उसळ उत्तम, बाकी नावापुरते.

थाळीत दोन चपात्या, दोन वडे किंवा एक तांदळाची भाकरी यांपैकी एकच प्रकार मिळतो. एक चपाती आणि एक वडा असे जमत नाही. भिंतीवर ‘एक थाळी दोघांत वाटून मिळणार नाही’ अशी पाटी आहे, परंतु लहान मुलीसाठी रिकामे ताट मागितले तेव्हा त्या मुलाने ते न बोलता आणून ठेवले आणि वर विचारले, “आजी, हिला थोडी वाटाण्याची उसळ देऊ का? तिखट नाही.” पाट्या लिहिणारा आणि वाढणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हे बरेच आहे.

शेवटच्या भेटीचा हिशेब असा: बांगडा थाळ्या दोन ४८०, सुरमई थाळी ४३० (यजमान काही शिकत नाहीत), शाकाहारी थाळी १८०, मांदेली १६०, तिसऱ्या मसाला २२०, जादा सोलकढी दोन ८०, जादा भाकऱ्या दोन ५०. एकूण १६०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ८० रुपये. सेवाशुल्क नाही. मागे घोडबंदर रस्त्यावरच्या एका झगमगीत हॉटेलात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर लावले होते आणि ते काढायला सांगितल्यावर आम्हीच चिंधीगिरी करत आहोत असा चेहरा झाला होता. वास्तविक ते बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे.

पापलेटसमोर दरपत्रकात ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच छापलेले आहे. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तेव्हापासून तो आमच्या पानात आलेला नाही. मागवायचाच असेल तर आकार पाहून आणि दर आधी विचारून मागवावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात इथली फळ्यावरची यादी निम्मी होते आणि उरलेल्यात बर्फातला माल अधिक असतो. एका जुलैमध्ये आम्ही सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी यांवर जेवलो, आणि ती चटणी दरपत्रकात कुठेही नाही, मागावी लागते.

स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटे लागतात. गाडी आणू नये, गल्लीत उभी करायला जागा नाही. रविवारी साडेबाराच्या आत पोहोचल्यास खालचे टेबल मिळते. दीडनंतर गेल्यास जिना चढावा लागतो आणि तोवर मांदेली संपलेली असते.