तिसऱ्या पेगपासून माप घसरतं

बारमधली फसवणूक पहिल्या पेगला सहसा होत नाही. पहिले दोन चोख येतात, कारण तेव्हा जीभही शाबूत असते आणि लक्षही. तिसऱ्यापासून हात आखडतो. बिल येतं तेव्हा नेमके किती पेग झाले, हे टेबलावरच्या एकालाही ठामपणे सांगता येत नाही.

आधी मापाचं बघा. पेग मोजायचं धातूचं माप बहुधा वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, म्हणजे बरीचशी दारू वरच्या भागातच मावते. पूर्ण शंकूच्या आकाराचं माप उंचीच्या नऊ-दशांशापर्यंत भरलं, तर ३० मिलीऐवजी जेमतेम २२ मिली पडतात, आणि डोळ्याला मात्र ते भरल्यासारखंच वाटतं. माप तिरकं धरून घाईने उपडं करण्यामागेही हीच युक्ती आहे. ७५० मिलीच्या खंब्यातून ३० मिलीचे २५ पेग निघतात. प्रत्येक वेळी २५ मिलीच ओतले, तर ३० निघतात. पाच पेगांचे पैसे गिऱ्हाइकांनी न प्यालेल्या दारूचे!

उपाय सोपा आहे. माप टेबलावर सपाट ठेवून, काठोकाठ भरून, समोरच ओतायला सांगा. ग्लासात आधीच बर्फ आणि सोडा घालून आणलेला पेग घेऊ नका; सोडा वेगळा मागवा. शंका आलीच, तर औषधाच्या बाटलीवरचं मिलीच्या खुणांचं प्लास्टिकचं टोपण सोबत असू द्या, वाद मिटतो.

कॉकटेलमध्ये वेगळी हातचलाखी असते. दारू पाण्यापेक्षा हलकी. खाली नुसता सरबताचा माल भरून वर चमचाभर दारू अलगद सोडली, की पहिला घोट कडक लागतो आणि पिणारा निर्धास्त होतो. आधी तळापासून ढवळा, मग चाखा. बिअरच्या ग्लासावर मापाची रेघ असेल तर फेस बसेपर्यंत थांबा, कारण फेसात बहुतेक वायूच असतो. रेघेखाली उतरली तर भरून मागा, त्यात संकोच कसला?

बिलासाठी एकच पद्धत चालते: न पिणाऱ्या एकाने प्रत्येक फेरी लिहून ठेवायची आणि चालू बिल मधेच एकदा मागवायचं. शेवटी हिशेब करू म्हटलं की फसलात.

आता बाटलीकडे. ४० टक्क्यांच्या दारूतला पाचवा हिस्सा काढून तेवढंच पाणी घातलं, तर ३२ टक्के उरतात. सोडा मिसळल्यावर हा फरक बहुतेकांना कळत नाही. रिकाम्या महागड्या बाटलीत हलका माल भरणं हा तर धंदाच आहे, त्यामुळे घरची बाटली टाकताना लेबल फाडून टाका. नवी बाटली उघडताना झाकणाखालची कडी तटकन तुटली पाहिजे. झाकण कडीसकट गरगर फिरलं तर बाटली परत करा. बाटली पुन्हा भरता येऊ नये म्हणून तोंडाशी गोटीची जाळी बसवलेली असेल तर तिच्या कडेला खरवडल्याच्या खुणा शोधा. बाटली हलवून बुडबुडे बघणारे पुष्कळ भेटतात. बुडबुड्यांवरून फार तर तीव्रतेचा अंदाज येतो, अस्सलपणाचा मुळीच नाही.

इथवरचं नुकसान पैशांचं. भेसळीत मिथेनॉल, म्हणजे दारूसारखंच दिसणारं विषारी अल्कोहोल, असेल तर प्रश्न जिवाचा होतो. चवीवरून, वासावरून किंवा पेटवून बघून ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याची नस जाळतं. १० मिलीनेही दृष्टी जाऊ शकते. घात असा, की त्रास बहुतेकदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो आणि सोबत साधी दारू प्यालेली असेल तर आणखी उशिरा. डोकं ठणकणं, ओकाऱ्या, पोटात कळा हे लोक हँगओव्हर समजून झोपून काढतात. नजर धुरकट झाली, समोर बर्फ पडल्यासारखं दिसू लागलं किंवा धाप लागली, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. फोमेपिझोलसारखा उतारा आणि डायलिसिस यांचा उपयोग वेळेत पोचलात तरच. उरलेली बाटली सोबत न्या, आणि त्याच बाटलीतलं प्यालेल्या बाकीच्यांनाही घेऊन जा, त्यांना काहीच होत नसलं तरी.