तास खरे, फेऱ्या लपवलेल्या: जुनं ट्विन हेलिकॉप्टर घेणाऱ्यांसाठी

निवडणुका जवळ आल्या की जुहूच्या हँगरमधल्या जुन्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "तिकडे एखादं ट्विन स्वस्तात मिळतंय का रे?" मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करतो. त्यामुळे मला सगळे बाजारभाव तोंडपाठ असणार असा त्यांचा समज. भाव नाही, पण आमच्या कंपनीला बेल २१२ च्या खरेदीत कसं गंडवलं ते सांगतो.

२१२ म्हणजे बेलच्याच जुन्या लष्करी हेलिकॉप्टरची, ह्यूईची, दोन इंजिनांची बहीण. कॅनडाच्या सैन्याने १९७१ पासून अशी ५० घेतली होती. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६टी इंजिन, ज्याला सगळे ट्विन-पॅक म्हणतात: शेजारी शेजारी दोन टर्बाइन, दोन्हींची ताकद एका गिअरबॉक्समध्ये येते आणि तिथून एकच शाफ्ट बाहेर पडतो. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं, म्हणून गिऱ्हाईक ट्विन मागतं. पण इंजिनं दोन असली तरी मास्ट, म्हणजे वरचा पंखा फिरवणारा उभा दांडा, एकच असतो. आमची फसवणूक झाली ती नेमकी तिथे.

विकणारा अमेरिकेतला, मध्ये एक दलाल. जाहिरातीत लिहिलं होतं: फक्त माणसांची ने-आण, तास कमी, गिअरबॉक्सचं ओव्हरहॉल झालेलं, रंग नवा, सीट चामड्याच्या. सुट्या भागांच्या आयुष्याचा तक्ताही आला, एकदम नीटनेटका. तपासणीचा माणूस दलालानेच सुचवला. "दुसरा घेणारा दारात उभा आहे" हे वाक्यही आलंच; ते प्रत्येक व्यवहारात येतं.

२१२ चा मास्ट आणि रोटर हबमधला (पंख्याच्या मधल्या भागातला) ट्रुनियन, म्हणजे हबला मास्टशी जोडणारा तुकडा, हे दोन भाग नुसत्या तासांवर बाद होत नाहीत. त्यांच्यासाठी बेलने आणखी एक आकडा ठेवलाय, रिटायरमेंट इंडेक्स नंबर. हँगरमध्ये त्याला 'रिन' म्हणतात. प्रत्येक टेकऑफ आणि हुकाला लावून उचललेलं प्रत्येक ओझं ठरलेल्या गुणकाने त्यात जमा होतं. तास आणि रिन यांपैकी ज्याची मर्यादा आधी संपेल तेव्हा भाग काढून भंगारात टाकायचा, बाहेरून कितीही चकाचक दिसला तरी.

आता वणवा विझवणाऱ्या मशीनचा विचार करा. खाली बांबी बकेट, म्हणजे पाण्याची मोठी बादली, लटकतेय, तळं जवळ आहे, की तासाभरात दहा-पंधरा वेळा भरलेली बादली उचलायची. मास्टला पीळ पडतो तो अशा प्रत्येक उचलीत. तेवढ्याच तासात प्रवासी नेणारं मशीन एक-दोनदा उडतं. लॉगमध्ये तास दोघांचे सारखेच. म्हणजे खोटं बोलायला तासांना हात लावावाच लागत नाही, उचलींचा रकाना कोरा ठेवला की काम झालं! मला विचाराल तर मोटारीचं मीटर मागे फिरवणारा परवडला, तो निदान माणसाच्या जिवाशी इतका सरळ खेळत नाही.

आमच्या हँगरमध्ये पोटाखालचं पॅनल उघडलं तेव्हा हुक नव्हता, पण त्याच्या आधाराभोवतीचा पत्रा घासून गुळगुळीत झाला होता. हुक सोडायच्या बटणाची वायर कापून टोकं टेपने बांधलेली. एका दाराच्या रंगाची छटा वेगळी: खाली वाकून ओझं बघण्यासाठी लाँगलाइनवाले (लांब दोराला ओझं टांगून नेणारे) फुगीर काचेचं दार लावतात, ते काढून साधं बसवलं असणार. मग एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नोंदवहीत अनुक्रमांकावरून जुनं रजिस्ट्रेशन शोधलं. तिथे कोणालाही बघता येतं. ते अक्षर-आकडे शेपटीवर असलेला आणि खाली बादली लटकलेला फोटो एका जुन्या बातमीत सापडला.

उचलींची नोंद नसली की अंदाजाने आकडा भरता येत नाही. वाईटात वाईट धरायचं. मास्ट आणि ट्रुनियन दोन्ही गेले. नवे येईपर्यंत मशीन जमिनीवर, आणि वणव्यांचा हंगाम डोळ्यांसमोरून गेला.

म्हणून जुहूवाल्यांनो, तक्ता बघून भुलू नका. आयुष्य ठरलेल्या प्रत्येक भागाचे, तो कारखान्यातून निघाल्यापासूनचे कागद मागा आणि कागदावरचा क्रमांक भागावर स्वतः वाचा. मूळ जर्नी लॉगची, म्हणजे प्रत्येक उड्डाणाच्या नोंदवहीची, पानं चाळा. छोट्या छोट्या उड्डाणांची रांग दिसली की उचलींचा हिशेब विचारा. सर्टिफिकेटवर शिक्का आहे एवढ्यावर जाऊ नका. २०२३ मध्ये विमानांचे सुटे भाग विकणाऱ्या लंडनच्या एओजी टेक्निक्सचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा खोट्या कागदांवरचे भाग बड्या एअरलाइन्सच्या इंजिनांत सापडले होते. तपासणारा माणूस तुमचा असू द्या, त्याचं बिल तुम्हीच भरा. आणि सगळे कागद हातात पडेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे अडकलेले राहू द्या. त्या तिसऱ्याचाही पत्ता दलालाकडून घेऊ नका.

आमच्या वकिलाने नोटीस पाठवली. विकणारा म्हणतो, लॉग आधीच्या मालकाने भरलाय. ती कंपनी केव्हाच बंद झाली. तपासनिसाच्या अहवालात तळाशी बारीक अक्षरात आहे की निष्कर्ष पुरवलेल्या कागदांवर आधारित आहेत. दलालाने तर करारातलं 'आहे त्या स्थितीत' हे कलम पिवळं करून परत पाठवलं, वर कमिशनच्या उरलेल्या हप्त्याची आठवणही.